थंडीचा भरवसा

नागपूरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. पाचवीच्या वर्गात पृथ्वीचे कटिबंध आले की फळ्यावर एक वाक्य लिहून द्यायची माझी पद्धत होती : ‘शीत प्रदेशात हिवाळा दीर्घ व कडक असतो; उन्हाळा अल्प व सौम्य असतो.’ मुले ते पाठ करीत, परीक्षेत जसेच्या तसे उतरवीत, आणि मी दोनपैकी दोन गुण देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. गुण देताना हात कधी अडखळला नाही. अडखळायचे कारणही नव्हते, कारण माझी स्वतःची थंडी चिखलदऱ्यापलीकडे गेलेली नव्हती. जे आपण पाहिलेले नसते ते शिकवताना माणूस मोठा निःशंक असतो.

पुढे चिरंजीव नोकरीनिमित्त फिनलंडमध्ये ओउलू नावाच्या गावी जाऊन राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही उभयता प्रथमच तिकडे निघालो तेव्हा घरात लगीनघाई उडाली. सौ.च्या माहेरून तीन कानटोप्या आल्या. शेजारच्या काकूंनी डिंकाचे लाडू दिले आणि सोबत सल्लाही दिला, “भाऊजी, नाक सांभाळा बरं, तिकडे नाकं गळून पडतात म्हणे!” एका मित्राने तर माझा हात असा काही धरून ठेवला की जणू मी विमानतळावर नव्हे, दुसरीकडेच निघालो होतो.

ओउलू गाव ६५ अक्षांशावर, बोथनियाच्या आखाताच्या काठी आहे. शीत कटिबंधाची रेषा तेथून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस साडेतीन तासांचा होता. सकाळचा चहा अंधारात, दुपारचाही अंधारात. मध्ये कुठेतरी सूर्य क्षितिजावर डोके काढून ‘सगळे ठीक ना?’ एवढे विचारून जाई. जानेवारी उजाडला आणि पारा उणे तिसाच्या खाली उतरला. ५ जानेवारी २०२४ रोजी तर देशाच्या अगदी वायव्य टोकाला एनोन्तेकिओ येथे उणे ४४.३ अंशांची नोंद झाली. एवढी थंडी फिनलंडने अठरा वर्षांत पाहिली नव्हती.

मी मनातून पुरता घाबरलो होतो. पण गंमत अशी की गावात कोणीच घाबरलेले दिसेना. आठ वर्षांची आमची नात पाठीला दप्तर लावून पायी शाळेत गेली. बायामाणसे सायकलीवरून बाजाराला निघाली. गोठ्यात गुरे दावणीला असावीत तशा अंगणात मोटारी विजेच्या खांबांना बांधलेल्या. सकाळी इंजिन गारठलेले राहू नये म्हणून त्यांना रात्री वीज पाजायची. घरात मात्र बावीस अंश. खिडक्यांना तिहेरी काचा, भिंतींना जाड अस्तर. मी अंगावर एक साधा सदरा घालून बाहेरचे उणे तीस अंश पाहत बसे आणि सौ. म्हणे, “अहो, आपल्या नागपुरी जानेवारीत मला याहून जास्त हुडहुडी भरते!”

ते खरेच होते. चार दिवसांनी मीही बाहेर पडू लागलो. कडक थंडीत बर्फ पायाखाली कुरकुर वाजतो आणि बुटाला घट्ट धरतो. हवा कोरडी, आकाश निळे. थंडी होती, पण ती शब्दाला पक्की होती.

समोरच्या बिऱ्हाडात चौऱ्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ एकटेच राहत. त्यांना आम्ही आजोबाच म्हणत असू. मी स्वतः सत्तरीचा, पण तेवढे धाकटेपण कोणाला नको असते? त्यांना इंग्रजी थोडे, मला फिनिश मुळीच नाही. आमची नात मधे बसून दोन्हीकडचे भाषांतर करी आणि कंटाळा आला की दोन वाक्यांचे एक करून टाकी. आजोबांनी पहिल्याच भेटीत माझ्या बुटांकडे पाहून मान हलवली आणि काहीतरी लांबलचक सांगितले. नात म्हणाली, “ते म्हणतात, थंडीला घाबरू नका. शून्याला घाबरा.”

मी ते हसण्यावारी नेले. शून्याला कोण घाबरतो?

जानेवारीच्या अखेरीस एके सकाळी पाहतो तो पारा शून्याच्या एक अंश वर चढलेला आणि बाहेर चक्क पाऊस! बर्फावर पडणारा पाऊस मी जन्मात प्रथमच पाहत होतो. मला वाटले, चला, आज गुलाबी गारवा आहे. कानटोपी न घालताच दूध आणायला निघालो. इमारतीच्या दारापासून दहा पावले गेलो असेन, नसेन. पुढचे मला आठवते ते एवढेच की आकाश एकदम समोर आले. उजवे मनगट मोडले होते.

इस्पितळात माझ्यासारखे आणखी कितीतरी जण बसले होते. कोणाचा हात गळ्यात, कोणाचा पाय खुर्चीवर. त्यात मी एकटा परदेशी, बाकी सारे त्या बर्फातच जन्मलेले. ते पाहून माझी लाज थोडी कमी झाली आणि विचार मात्र वाढला. उणे तीसला ज्या गावात एक माणूस पडला नाही, तेथे ‘सुखद’ हवामानात ही रांग लागली होती!

संध्याकाळी आजोबा आले. हातात एक पुडी होती. तिच्यात बुटाला खालून बांधायचे रबरी पट्टे, त्यांना लोखंडी खिळे. ते मला देऊन त्यांनी नातीमार्फत समजावले : उणे वीसला बर्फ म्हणजे जमीन. शून्याला तोच बर्फ म्हणजे ओला साबण. वरून पाऊस, खालून बर्फ, आणि रात्री पुन्हा गोठले की रस्त्याची काच होते. त्यांच्या लहानपणी असे दिवस नोव्हेंबरात आणि एप्रिलात येत. मधला हिवाळा सलग असे. आता भर जानेवारीतही शून्याची ये-जा असते.

हात गळ्यात अडकवून घरी बसल्यावर मला सवडच सवड होती. भूगोलाच्या मास्तराला आणखी काय हवे? चिरंजीवांनी पुस्तके, नकाशे, आकडे पुरवले आणि मी पुन्हा विद्यार्थी झालो.

मुद्दा असा की सारी पृथ्वी तापते आहे हे आपण ऐकतो, पण ती सगळीकडे सारखी तापत नाही. फिनलंडच्याच हवामानसंस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की १९७९ नंतर उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. याचे एक मोठे कारण आपल्या बायकांना न शिकवताच कळते. उन्हात पांढरे लुगडे तापत नाही, काळी छत्री तापते. समुद्रावरचे बर्फ म्हणजे पांढरे लुगडे. ते ऊन परतवून लावते. ते वितळले की खालचे काळे पाणी उघडे पडते, ऊन पिते, आणखी तापते, आणखी बर्फ वितळवते.

मग तेथील थंडी संपली का? तसे नाही. कडाक्याची थंडी ज्या उत्तरेकडून येते तीच उत्तर अधिक तापत असल्यामुळे अतिशीत दिवस कमी होत आहेत आणि सौम्यही होत आहेत. पण २०२४ च्या जानेवारीसारखी एखादी झेप ती अजून घेते. ध्रुवाभोवती उंचावरून वाहणारा वाऱ्याचा पट्टा पूर्वीपेक्षा अधिक वेडावाकडा वाहू लागला आहे काय, आणि त्यामुळे अशा झेपा वाढतील काय, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. वाद नाही तो दुसऱ्या गोष्टीबद्दल. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणजे पडेल ते जास्त पडणार. आणि ते हिम म्हणून पडणार की पाऊस म्हणून, हे शून्य ठरवणार.

हे शून्य मला वर्गात कधी नीट कळलेच नव्हते. उणे पंचवीसाचे उणे चोवीस झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. उणे एकाचा अधिक एक झाला की जग बदलते. हिमाचे पाणी होते, रस्त्याचा साबण होतो, गोठलेल्या नदीवरची वाट बंद होते. ओउलूजवळच्या हाइलुओतो बेटावर जायला हिवाळा पुरेसा कडक असला की गोठलेल्या समुद्रावरूनच मोटारींचा रस्ता आखत आले आहेत. अलीकडच्या काही हिवाळ्यांत तो उघडलाच नाही. तापमानाचा फरक एक-दोन अंशांचा, पण तो नेमका उंबरठ्यावरचा.

आजोबांच्या धाकट्या भावाचे कुटुंब कुसामोच्या बाजूला रेनडिअर पाळते. रेनडिअर हिवाळ्यात हिम उकरून खालचे शेवाळासारखे खाद्य खातात. सौ.ने चित्र पाहिले आणि म्हणाली, “अगं बाई, हे तर आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल!” त्याच जातकुळीचे ते. हिम भुसभुशीत असले की त्याखालच्या दगडफुलाचा वास त्या जनावराला लागतो आणि ते खुराने उकरून आपले पोट भरते. पण हिमावर पाऊस पडला आणि पुन्हा गोठला की वर काचेचे झाकण बसते. ताट वाढलेले, पण झाकण निघत नाही. पोटभर अन्नावर उभे राहून जनावर उपाशी मरते.

मला ही म्हातारपणची अतिशयोक्ती वाटली. मग चिरंजीवांनी सायबेरियातील यामाल द्वीपकल्पाची हकीकत काढून दिली. तेथे नोव्हेंबर २०१३ मध्ये असाच हिमावर पाऊस पडला आणि त्यावर कडक थंडी आली. तो थर वसंतापर्यंत हलला नाही. त्या एका हिवाळ्यात ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले. जवळच्या समुद्रावरचे बर्फ त्या साली मागे हटले होते, आणि उघड्या पाण्याची वाफ पाऊस होऊन आली होती, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. ज्यांची घरे, अन्न, वस्त्र सारे त्या कळपांवर, त्या लोकांनी काय केले असेल? आपल्याकडे दुष्काळात दावणीची जनावरे गेल्यावर शेतकऱ्याचे डोळे कसे होतात ते मी विदर्भात पाहिले आहे. त्यापुढचा आकडा मला वाचवेना.

परतण्यापूर्वी चिरंजीव आम्हाला तोर्निओला घेऊन गेले. स्वीडनच्या सीमेवरची ती नदी. तिचे बर्फ वसंतात कोणत्या दिवशी फुटले, याची नोंद तेथील लोकांनी १६९३ पासून ठेवली आहे. आपल्याकडे तेव्हा रायगड पडून चार वर्षे झाली होती आणि राजाराम महाराज जिंजीला होते. त्या जुन्या काळी बर्फ साधारण मेच्या उत्तरार्धात फुटे; आता पूर्वार्धातच फुटते. तीनशे वर्षांत कोणी राजा आला, कोणी गेला; नोंद करणाऱ्यांनी मात्र दरसाल नदीकाठी उभे राहून एक तारीख लिहिली. त्या गोठलेल्या नदीकडे मी गळ्यातला हात सावरीत बराच वेळ पाहत उभा राहिलो.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते जून २०२५ मध्ये. यावेळी माझा रुबाब निराळा होता. उन्हाळा म्हणजे आमचे घरचे कार्य! आजोबांना मी नागपूरच्या मेमधले पंचेचाळीस अंश ऐकवले. ते ‘ओहो’ म्हणाले. मी वाळ्याच्या ताट्या, कूलर, खिशातला कांदा, कैरीचे पन्हे, सगळे वर्णन केले. नातीने भाषांतर करता करता कांद्याला हसून लोळण घेतली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तिकडे ऊन पडले ते उठेचना. बावीस दिवस सलग देशात कुठे ना कुठे पारा तीस अंशांच्या वर जात राहिला. फिनलंडच्या नोंदीत एवढी लांब मालिका पूर्वी नव्हती. दुकानांतले पंखे संपले. रेनडिअर सावलीच्या शोधात वस्तीत येऊ लागले. बर्फावर खेळायचे एक बंदिस्त क्रीडागृह लोकांना गार बसता यावे म्हणून खुले केल्याची बातमी आली. आणि मी? मी मिशीत हसत होतो. तीस अंशांना आमच्याकडे लोक शाल घेतात!

एवढेच नव्हे, मी आजोबांना टोमणाही मारला. सुमारे छप्पन लाख वस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत. ऐंशी अंशांच्या त्या लाकडी खोलीत ही मंडळी हौसेने घाम काढीत बसतात. मी म्हटले, “ऐंशी अंशांत बसणाऱ्यांनी तिसाची तक्रार करावी?”

आजोबा थकलेले दिसत होते. ते हळूच म्हणाले आणि नातीने सांगितले, “सौनातून बाहेर येता येतं.”

ते उत्तर मला दोन दिवसांनी कळले. सौ. त्यांना डबा द्यायला गेली तर दार उघडेच होते. आजोबा जिन्याच्या पायरीवर बसलेले, चेहरा लाल, कातडी कोरडी, आणि तिला ओळखेनात. सौ.ने हाक मारली, “अहो, लवकर या!” त्या हाकेत काय होते ते बत्तीस वर्षांपूर्वी तिचे वडील उन्हाने गेले तेव्हापासून मी ओळखतो. सूनबाईने ११२ ला फोन केला. तोवर सौ.ने त्यांना आडवे केले, न्हाणीघरातून चादरी भिजवून आणल्या, मानेला, काखेत ओले फडके लावले आणि मला वारा घालायला बसवले. वर्तमानपत्राने वारा घालता घालता मी त्यांच्या घरात प्रथमच नीट पाहिले. खिडक्या तिहेरी काचांच्या, सगळ्या पश्चिमेला. जुलैच्या मध्यास सूर्य दिवसाकाठी वीस तास वर. आत आलेली ऊब बाहेर जाऊच नये अशी त्या भिंतींची घडण. पंखा नाही, छताला आकडासुद्धा नाही. जी भिंत हिवाळ्यात आईसारखी होती तीच आता भट्टी झाली होती. रात्र पडतच नसल्यामुळे तीही गार होत नव्हती.

नागपुरात पंचेचाळीस अंश असतात, पण सारे नागपूर त्या पंचेचाळिसासाठीच मांडलेले असते. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलर घरघरतो, पाणपोईवर माठ असतो, उन्हात निघालेल्याला कोणी ना कोणी हटकतो. आणि तरीही आमच्याकडे माणसे उष्माघाताने जातातच. येथे तीस अंश होते, पण ते अनोळखी होते. माझी बढाई किती पोकळ होती ते त्या खोलीत बसून मला कळले. हिवाळ्यात ती माणसे मला हसली नव्हती. मी मात्र त्यांना हसलो होतो.

आजोबा वाचले. चार दिवसांनी इस्पितळातून परत आले तेव्हा सौ.ने त्यांच्या घराचा ताबाच घेतला. दिवसा खिडक्या बंद, त्यांच्यावर बाहेरून पांढरी चादर. पहाटे तीन-चारला हवा जरा निवली की सगळी कवाडे उघडायची. कैरी तेथे मिळेना, पण दुकानात ‘पीमा’ नावाचे आंबट दूध मिळते. ते थेट आपल्या ताकासारखे. त्यात मीठ, भाजलेले जिरे आणि आले घालून तिने मठ्ठा केला. आजोबांनी पहिला घोट घेतला आणि आपल्याच पीमाकडे असे पाहिले की जणू चौऱ्याऐंशी वर्षे शेजारी राहिलेला माणूस आज प्रथमच बोलला!

ऑगस्टमध्ये ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने हिशेब मांडला : हवामानबदलामुळे ही लाट सुमारे दोन अंशांनी अधिक तापली, आणि अशी लाट येण्याचा संभव निदान दसपट झाला. आपण जाळलेल्या कोळशा-तेलाचा धूर कुठे जाऊन काय करतो पाहा. नागपूरजवळच्या कोराडीच्या उंच चिमण्यांकडे मी जन्मभर कौतुकाने पाहत आलो. आमच्या घरचा दिवा, पंखा आणि तो लाडका कूलरही त्याच कोळशावर चालला. आजोबांच्या कपाळावर ओले फडके ठेवताना मला त्या चिमण्या आठवल्या. दोष साऱ्या जगाचा आहे, आणि श्रीमंत देशांचा वाटा मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. पण म्हणून आपला वाटा आपला राहत नाही असे थोडेच आहे?

निघायच्या आदल्या दिवशी नात वही घेऊन आली. तिच्या शाळेत सुटीचा अभ्यास होता : आपल्या गावच्या ऋतूंविषयी चार वाक्ये. “आजोबा, तुम्ही भूगोलाचे सर ना? सांगा.”

मी पेन घेतले. माझे ते जुने वाक्य ओठांवर आलेच होते. ‘हिवाळा दीर्घ व कडक असतो’ इथपर्यंत लिहिले आणि हात थांबला. मनगट अजून दुखते, त्यामुळेही असेल. मग मी ‘असतो’ खोडले आणि ‘असे’ लिहिले. नात म्हणाली, “हे काय? चूक झालं?” मी म्हटले, “नाही ग, आता तू समोरच्या आजोबांना विचारून लिही. त्यांनी पाहिलंय.” ती वही घेऊन पळाली.

आता दिवाळी आली आहे. परवाच्या फोनवर चिरंजीवांनी समोरच्या घराचे दार दाखवले. सौ.ने येथून पाठवलेला वाळ्याचा पंखा आजोबांनी स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगला आहे. पाणी मारले की वास येतो म्हणून हिवाळ्यातही ते त्याला पाणी मारणार आहेत म्हणे. त्यांनी दिलेले खिळ्यांचे पट्टे माझ्या कपाटात आहेत. नागपुरात त्यांचा काही उपयोग नाही. पण दिवाळीची आवराआवर करताना सौ.ने ते अडगळीत टाकायला काढले, तेव्हा मी ते परत कपाटात ठेवले.